चौथी बाजू शेजाऱ्यांची

"काल रात्री पाऊण वाजता तुमच्याकडे कोण किंचाळलं गं?"

आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. भिंतीच्या माझ्या बाजूला कढीपत्ता आणि पलीकडे काकू. झाड मी लावलंय, पण कुठली फांदी कधी खुडायची हे काकू ठरवतात. एवढ्यासाठीच ती भिंत आम्ही आणखी वाढवली नाही.

"मीच किंचाळले, काकू. रायोने गोल मारला."

"कोणी?"

"रायो वायेकानो. माद्रिदची टीम आहे."

"म्हणजे ती रिअल माद्रिद ना? आमचा नातू तिचाच शर्ट घालून झोपतो."

"नाही हो. माद्रिदमध्ये त्या एकट्याच नाहीत. रिअल आहे, अॅटलेटिको आहे, आणि ही आमची रायो. वायेकास म्हणून शहराच्या आग्नेयेला एक भाग आहे, कामगारांची वस्ती. टीम त्या वस्तीची. तिचं स्टेडियम साडेचौदा हजार माणसांचं. रिअलचं जवळजवळ ऐंशी हजारांचं."

"आणि तू म्हणे 'आमची रायो'! तुझं माहेर कोल्हापूर ना?"

"शिवाजी पेठ, काकू! म्हणून तर. पेठेची टीम म्हणजे काय, ते मला वेगळं कोणी शिकवायला नको. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठेचं पाटाकडील आणि आमच्या पेठेतला खंडोबा समोरासमोर आले की घरात दोन दिवस दुसरा विषय नसायचा. कुणाच्या मुलाला कुठल्या तालमीने पळवलं, रेफ्रीची सासुरवाडी कुठल्या पेठेत, सगळा हिशोब बायकांकडे असायचा. ही वायेकासची मंडळी पहिल्यांदा पाहिली तेव्हाच म्हटलं, ही आपलीच माणसं."

काकूंनी फांदी सोडली आणि भिंतीवर कोपर टेकलं. म्हणजे भाजी आता उशिरा पडणार होती.

"त्या स्टेडियमला ना, काकू, तीनच बाजू आहेत."

"तीन बाजूंचं स्टेडियम कसं असेल? चौथ्या बाजूला काय, मोकळं रान?"

"भिंत! एका गोलपोस्टच्या मागे स्टँडच नाही. सरळ भिंत, तिच्यावर जाहिराती, आणि भिंतीच्या पलीकडे लोकांची घरं. वाळत घातलेल्या चादरींसकट टीव्हीवर दिसतात. सभोवती रस्ते आणि बिऱ्हाडं, चौथा स्टँड काढायचा कुठे? मैदानही आखूड आहे. लांबी शंभर मीटरच्या आसपास, रुंदी पासष्टच्या. कॉर्नर घ्यायला खेळाडू गेला की पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याच्याशी बोलता येईल."

"आणि त्या घरांतून मॅच दिसते?"

"दिसते म्हणजे काय! गॅलरीत खुर्च्या टाकून बसतात लोक. सगळ्या स्पेनला ते दृश्य ठाऊक आहे."

"फुकट?"

"फुकट."

काकूंच्या चेहऱ्यावर रायोबद्दल पहिल्यांदाच आदर दिसला. मग म्हणाल्या, "पत्ता काय म्हणालीस?"

"पत्ता तर आणखी मजेचा. स्टेडियम ज्या रस्त्यावर आहे ना, त्याचं नाव पायासो फोफो. पायासो म्हणजे विदूषक. फोफो हा टीव्हीवरच्या सर्कसमधला विदूषक होता, स्पेनमधल्या एका अख्ख्या पिढीचा लाडका. 1976 च्या जूनमध्ये वारला. स्टेडियम उघडलं तेही 1976 मध्येच. सेनापतींची, राजांची नावं इतर स्टेडियमांच्या पत्त्यांवर असतील, यांच्या पत्त्यावर विदूषक आहे."

"मग त्याच्या आधी ही पोरं खेळायची कुठे?"

"कुठेही. क्लब जन्मला तो 1924 च्या 29 मे रोजी, एका घरात. प्रुदेन्सिया प्रिएगो म्हणून एक बाई होत्या, त्यांच्या घरी ही मंडळी जमली आणि क्लब काढायचं ठरलं. इतिहासाच्या पुस्तकात त्या बाईंचं नाव घराची मालकीण म्हणून येतं. आता तुम्हीच सांगा, इतकी पोरं घरात बसून क्लब काढतायत म्हटल्यावर मालकीण नुसती मालकीण म्हणून बसली असेल का?"

"चहा कोणी केला असेल मग!"

"तेच म्हणते मी. वायेकास तेव्हा माद्रिदमध्ये नव्हतंच. वेगळं गाव होतं. 1950 मध्ये ते शहराला जोडलं. तोवर दक्षिणेकडून, एक्स्त्रेमादुरातून, आंदालुसियातून पोटासाठी लोक यायला लागले होते. गावी शेतं जमीनदारांची आणि पोट स्वतःचं. आलेल्यांना राहायला जागा नाही, मग रात्रीतून झोपडी उभी करायची. सकाळी पोलिस यायच्या आत छप्पर चढलेलं पाहिजे, म्हणजे ती लगेच पाडता येत नसे. त्यामुळे शेजारीपाजारी रात्रभर विटा वाहायचे. आज तुझं घर, उद्या माझं."

"हे सगळं तुला फुटबॉल बघून कळलं?"

"फुटबॉल मीही फक्त बघायला बसले होते, काकू. पण एकदा भिंतीमागची घरं दिसली की ती कोणाची, कधीची, हे विचारल्याशिवाय राहवतं का? तुम्हाला तरी राहवतं का?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या बंगल्यात भाडेकरू आले, त्यांची कुंडली दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काकूंकडे होती.

"बरं, त्यांचा शर्ट कसला असतो? मी ओळखेन का?"

"पांढरा आणि त्यावर तिरका लाल पट्टा. पूर्वी नुसता पांढरा होता. 1949 मध्ये अॅटलेटिकोशी मदतीचा करार झाला. त्यांनी अट घातली की शर्टावर लाल काहीतरी पाहिजे. नुसता पांढरा म्हणजे रिअलचा, आणि रिअल म्हटलं की अॅटलेटिकोवाल्यांचं पोट दुखतं. मग अर्जेंटिनातल्या रिव्हर प्लेटसारखा पट्टा आला. आज तोच पट्टा वायेकासचं कुंकू झालाय."

"दुसऱ्याच्या अटीवर घातलेला दागिनाच पुढे जास्त मिरवतात लोक," काकू म्हणाल्या, आणि हे नक्की कोणाच्या सुनेला उद्देशून होतं ते मला कळलं, पण मी विषय सोडला नाही.

"तर स्टेडियम. त्याच जागेवर आधी एक जुनं मैदान होतं. ते पाडून नवं बांधायचं ठरलं, आणि बांधकाम चालू असताना रायो बिचारी काही वर्षं शहराच्या दुसऱ्या टोकाला, वायेहेर्मोसोच्या मैदानावर खेळत होती. परत आली ती 1976 मध्ये. हुकूमशहा फ्रँको 1975 च्या नोव्हेंबरात गेला होता. चाळीस वर्षांनी देशात मोठ्याने बोलायची सोय झाली आणि त्याच सुमारास या वस्तीला ओरडायला हक्काची जागा मिळाली. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, टीम पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये गेली. पहिल्या हंगामात त्यांनी घरच्या मैदानावर मोठमोठ्यांना असं लोळवलं की पेपरवाल्यांनी 'राक्षसांना मारणारे' असं नाव ठेवलं."

"मालक कोण स्टेडियमचा?"

हा प्रश्न काकूंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारला नाही, याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

"सरकार. माद्रिद प्रांताचं. क्लबचं नाही आणि वस्तीचं तर नाहीच. पण गंमत बघा, अशा सरकारी जागेवर कोण कोण येऊन गेलंय. 1984 मध्ये बॉब डिलन येऊन गायला. आणि 1986 च्या 3 ऑगस्टला क्वीन."

"इंग्लंडची राणी?"

"बँड हो, काकू! फ्रेडी मर्क्युरीचा. मूळचा फारोख बलसारा, पारशी. आणि शाळा कुठे? आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये."

"अगंबाई! पाचगणीला? आमच्या ह्यांच्या आत्या तिथेच होत्या नर्स म्हणून."

"असेल मग बघितलेला! पुढे दातांसकट जगप्रसिद्ध झाला. क्वीन तेव्हा दौऱ्यावर होती, त्यातले हे शेवटचे काही कार्यक्रम. पुढच्या शनिवारी इंग्लंडात नेबवर्थला झाला, त्यानंतर फ्रेडीसह क्वीनचा कार्यक्रम पुन्हा झालाच नाही. म्हणजे पाचगणीचा पोरगा विदूषकाच्या रस्त्यावर, पेठेच्या मैदानात गातोय आणि गॅलरीत बायका उभ्या. मी तर म्हणते, त्या रात्री तिकीट काढून आत गेलेल्यांपेक्षा गॅलरीवाल्यांना जास्त मजा आली असेल. निदान बसायला तरी मिळालं."

काकू जरा जवळ सरकल्या. आवाज खाली आणला. खाली आणलेला आवाज म्हणजे आता पैशाचं किंवा लग्नाचं विचारायचंय.

"पण क्लबला पैसा कोण पुरवतं?"

"आता खरी गोष्ट ऐका. स्पेनमध्ये रुइझ-मातेओस नावाचे एक गृहस्थ होते. दारू, बँका, दुकानं, शेकडो कंपन्या. सगळ्याचं मिळून नाव रुमासा, चिन्ह मधमाशी. 1983 च्या फेब्रुवारीत सरकारने अख्खं साम्राज्य एका फटक्यात ताब्यात घेतलं. मग गृहस्थ खवळले. ज्या मंत्र्याने हे केलं, त्याच्यावर 1989 मध्ये कॅमेऱ्यांसमोर हात उगारला. एकदा सुपरमॅनचा पोशाख घालून हजर झाले."

"चड्डी वरून घातलेली?"

"सुपरमॅनच तो, दुसरी कशी घालणार! तर या गृहस्थांनी 1991 मध्ये रायो विकत घेतली. आणि 1994 मध्ये अध्यक्ष केलं बायकोला. तेरेसा रिव्हेरो. तेरा मुलांची आई."

"तेरा!"

"तेरा. स्पेनच्या वरच्या लीगमध्ये बाई अध्यक्ष होण्याची ती पहिलीच वेळ. फुटबॉलचा गंध नव्हता त्यांना. सुरुवातीला सगळ्यांनी टिंगल केली. पण मी म्हणते, तेरा मुलांना जेवायला वेळेवर बसवलेल्या बाईला अकरा जणांची टीम काय जड! आणि बघा, त्यांच्याच काळात, 2000 मध्ये, रायो पहिल्यांदा युरोपच्या स्पर्धेत गेली. तीही कशी, फेअर प्लेवर. म्हणजे मैदानात कमी शिस्तभंग केला, रेफ्रीशी नीट वागले, म्हणून मिळालेली जागा."

"शहाणपणाचं बक्षीस?"

"हो. आणि बक्षीस मिळाल्यावर पहिल्याच फेरीत अँडोरा नावाच्या चिमुकल्या देशातल्या क्लबला त्यांनी दोन मॅचमध्ये मिळून सोळा गोल मारले. 10-0 आणि 6-0. सभ्यपणा तिथेच संपला. पुढे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले, तिथे स्पेनच्याच अलावेसने त्यांना घरी पाठवलं. बायकांची टीमही या बाईंच्याच काळात मोठी झाली. 2009, 2010, 2011, सलग तीनदा देशात पहिली. याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, तेवढं आपण बोलू."

"मग त्या बाईचं नाव दिलं असेल कशाला तरी."

"स्टेडियमलाच दिलं! 2004 मध्ये. एस्तादिओ तेरेसा रिव्हेरो. सरकारी स्टेडियमला मालकीणबाईंचं नाव. घराण्याने नव्याने उभारलेल्या कंपन्या 2011 च्या सुमारास पुन्हा कोसळल्या. क्लब दिवाळखोरीत गेला, खेळाडूंचे पगार कित्येक महिने थकले. आणि पगार नसताना त्याच पोरांनी टीम वरच्या लीगमध्ये नेली. त्याच वर्षी क्लब दुसऱ्याच्या हाती गेला, पाटी उतरली. आता नुसतं 'वायेकासचं फुटबॉल मैदान'. कोणाचं नाव नाही, आडनाव नाही. मला तर तेच बरं वाटतं. वर्षानुवर्षं वीज-पाण्याचं बिल थकवणाऱ्यांची नावं भिंतीवर कशाला?"

"बिल कोणी थकवलं?"

"आपलं एक बोलायची पद्धत हो."

काकूंना अर्धवट आरोप आवडत नाहीत. आरोप करायचा तर रक्कम आणि तारीख पाहिजे. म्हणून मी पटकन दुसरीकडे वळले.

"पण एका माणसाचं नाव तिथे आहे, काकू, आणि ते लोकांनी लिहिलंय. एक नंबरच्या दरवाजाला विल्फ्रेडचं नाव आहे. विल्फ्रेड अग्बोनावबारे, नायजेरियाचा गोलकीपर. 1990 ते 1996 रायोकडून खेळला. काळ्या माणसाला तेव्हा स्पेनच्या मैदानांत काय काय ऐकावं लागायचं, ते तुम्हाला सांगायला नको. माद्रिदमधल्याच मोठ्या स्टेडियमात लोक त्याच्यावर तोंडसुख घ्यायचे. वायेकासमध्ये मात्र तो घरचा होता. खेळणं संपल्यावर पैसे टिकले नाहीत. बायकोला कॅन्सर झाला, होतं नव्हतं ते उपचारात गेलं. ती गेली. मग हा माणूस, ज्याने रिअलचे आणि बार्सिलोनाचे गोल अडवले, तो माद्रिदच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा उचलायचं काम करायचा."

काकू काही बोलल्या नाहीत.

"2015 च्या जानेवारीत तोही कॅन्सरनेच गेला. मुलं नायजेरियात होती. रायोच्या लोकांनी त्यांना बापाला बघायला मिळावं म्हणून धडपड केली, पण तोवर उशीर झाला. मग त्याचं चित्र भिंतीवर आलं, नाव दरवाजावर आलं."

"वर्गणी काढली असेल ना लोकांनी?"

"वर्गणी त्यांच्या अंगातच आहे. त्याच्या दोन-तीन महिने आधीचीच गोष्ट. 2014 चा नोव्हेंबर. वस्तीतल्या 85 वर्षांच्या एका आजींना घराबाहेर काढलं. मुलाने घर गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज घेतलं होतं, ते फिटलं नाही. पोलिस आले, सामान रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी रायोचे कोच पाको हेमेस पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले, आम्ही गप्प बसणार नाही, आजी जिवंत असेपर्यंत त्यांच्या घराचं भाडं क्लब, खेळाडू आणि आम्ही मिळून भरू. फुटबॉलचा कोच आणि विषय आजींचं भाडं! पुढच्या मॅचला तिकिटावर आजींसाठी पैसे गोळा केले."

"कर्ज मुलाने काढलं, आणि घर आईचं गेलं." काकूंच्या तोंडून हे सुस्काऱ्यासारखं आलं. "इथे काय वेगळं आहे."

तेवढ्यात आतून काकांनी चहाचं विचारलं. काकूंनी मान न वळवता "फ्रीजवर साखर आहे" एवढंच सांगितलं. काकांनी काय विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

"मला एक सांग, तिकीट ऑनलाइन काढतात ना?"

"तीच तर तक्रार! इतर क्लबांची पोरं मोबाइलवर बोट फिरवून तिकीट काढतात. रायोच्या लोकांना आत्ताआत्तापर्यंत खिडकीवर रांग लावावी लागायची. पासच्या नूतनीकरणाला तर उन्हात तासन् तास. युरोपातल्या सगळ्यात श्रीमंत लीगांपैकी एक, आणि तिथे रेशनसारखी रांग. लोक वैतागतात, अध्यक्षांना शिव्या घालतात, मॅच चालू असताना त्यांच्या नावाने ओरडतात. पण रांगेत उभे राहतात."

"रांगेत ओळखी होतात," काकू म्हणाल्या. "आमच्या धाकटीचं लग्न गॅसच्या रांगेत जमलं."

हे मला नवीन होतं, पण ते उद्यासाठी ठेवलं.

"स्टेडियमची डागडुजीही तशीच. 2018 मध्ये टीम वरच्या लीगमध्ये चढली आणि बघतात तर स्टँडच सुरक्षित नाहीत. हंगाम सुरू झालेला, काम अर्धवट, एक मॅच पुढे ढकलावी लागली. दुसऱ्याच वर्षी आणखी मोठं नाटक झालं. डिसेंबर 2019. समोर अल्बासेते. त्यांच्या एका खेळाडूवर रायोवाल्यांचा राजकारणावरून जुना राग. स्टँडमधून त्याला असं काही झोडपलं की मध्यंतरानंतर मॅच पुढे चाललीच नाही. प्रेक्षकांच्या घोषणांमुळे मॅच थांबण्याची स्पेनच्या व्यावसायिक लीगमधली ती पहिलीच वेळ."

"बरोबर वागले का ते?"

"मला विचाराल तर मैदानात माणसाला इतकं टोचू नये, मग त्याचं राजकारण काही का असेना. आणि विल्फ्रेडचं नाव दरवाजावर लावणाऱ्यांनी तर त्या माणसाच्या अंगावर काय बोलायचं, याचा दुप्पट विचार करायला हवा. पण ऐका तर पुढे. अर्धी मॅच राहिली. राहिलेली पंचेचाळीस मिनिटं कधी खेळायची हे ठरेपर्यंत कोरोना आला. मार्चमध्ये सगळं बंद. जूनमध्ये जेव्हा फुटबॉल पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा पहिली मॅच कोणती असेल?"

"नाही हं!"

"होय! 10 जून 2020. स्पेनमधलं पहिलं फुटबॉल म्हणजे रायो-अल्बासेतेचा उरलेला अर्धा डाव. डिसेंबरात स्वेटर घालून सुरू झालेली मॅच जूनच्या उकाड्यात संपली. रायोने एक गोल मारला आणि जिंकली, 1-0. मॅच मध्यंतरापासून शेवटापर्यंत जायला जवळजवळ सहा महिने लागले. आमच्याकडे कोर्टाचे निकाल याहून लवकर लागतात असं म्हणवत नाही, पण तुलना होईल."

"कोरोनात लोकांना आत सोडलं?"

"स्टँड रिकामे, काकू. एक माणूस नाही. पण गॅलऱ्यांना कुलूप कोण लावणार?"

काकू इतक्या जोरात हसल्या की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"मग आलं ते 2021. टीम परत वर चढली, आणि फाल्काओ नावाचा कोलंबियाचा मोठा खेळाडू, उतारवयात का होईना, पण इथे आला. ऑक्टोबरात बार्सिलोना आली. फाल्काओने गोल मारला, 1-0. त्याच रात्री बार्सिलोनाने आपल्या कोचला, कूमनला, काढून टाकलं. आले होते वायेकासला मॅच खेळायला, परत जाताना विमानात कोच नोकरीविना."

"म्हणजे त्या भिंतीसमोर मोठमोठ्यांचं पाणी उतरतं."

"उतरतं. मोठ्या स्टेडियमात खेळायची सवय असते ना, त्यांना ते आखूड मैदान, कानाशी ओरडणारी माणसं आणि समोर कोणाच्या तरी घरातला पेटलेला ट्यूबलाइट, हे सगळं सोसत नाही. 2025 च्या मे महिन्यात रायो आठवी आली आणि पुन्हा युरोपात गेली. या वेळी फेअर प्लेच्या कृपेने नाही, स्वतःच्या गुणांवर. आणि युरोपच्या मॅचेस कुठे झाल्या? त्याच तीन बाजूंच्या मैदानात. नोव्हेंबरात पोलंडचा लेख पोझ्नान आला, दोन गोलांनी पुढे गेला, आणि 3-2 ने हरून परतला."

"सगळं छानच चाललंय की मग."

"छान कसलं! आता हलवायचं म्हणतायत."

"काय?"

"स्टेडियम. जुनं झालंय, आत जागा नाही, गाड्या लावायला सोय नाही. क्लबचे अध्यक्ष म्हणतात नवीन पाहिजे. माद्रिदच्या सरकारमधूनही दुसरीकडे न्यायची भाषा झाली. वस्तीतले लोक रस्त्यावर उतरले. म्हणतात, दुरुस्त करा, पण इथेच."

काकूंनी कढीपत्ता भिंतीवर ठेवला. हा विषय त्यांच्या अभ्यासाचा आहे. त्यांच्या भावाची सोसायटी चार वर्षांपूर्वी पुनर्विकासाला गेली, आणि बिल्डरने तोंडी कबूल केलेलं कव्हर्ड पार्किंग अजून कागदावर आलेलं नाही.

"एफएसआयचा प्रश्न असणार," त्या म्हणाल्या. "जागा कुठे आहे, मोक्याची का?"

"बाहेर पडलं की मेट्रो. मोठा रस्ता."

"मग झालंच! पार्किंग-बिर्किंग सगळी सांगायची कारणं. मोक्याच्या जागेवर म्हातारी इमारत आणि गरीब माणसं दिसली की सगळ्यांना एकदम तिच्या तब्येतीची काळजी वाटायला लागते."

"अगदी तेच म्हणणं आहे तिथल्या लोकांचं. आणि मला सांगा, दुसरीकडे नेऊन चार बाजूंचं चकचकीत बांधलं, तर आतल्या खुर्च्या वाढतील, तिकीट वाढेल, आणि वायेकासमधल्या माणसाला मेट्रोने तासभर जाऊन आपलीच टीम बघावी लागेल. विल्फ्रेडचा दरवाजा उचलून नेतील हो, कदाचित काचेच्या पेटीत लावतील. पण गॅलरीत ज्या आजी ऊन खात मॅच बघतात, त्यांना कुठे उचलून नेणार?"

काकू थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिल्या, मग बोट उगारून मला सांगितलं, जणू मी त्या सभेची सचिव आहे:

"त्यांना म्हणावं, हलवायचंच असलं तर आधी गॅलरीवाल्यांना आयुष्यभराचे पास लिहून द्या. प्रत्येक खिडकीला किती, ते नावानिशी, आणि स्टॅम्प पेपरवर. तोंडी कबुलीवर सह्या करू नका म्हणावं, अजिबात."